बारा हजारांत कानबाईची रात्र : एका घरगुती रेकॉर्डिंगचं प्रकरण

अमळनेर तालुक्यात बोरीकाठी आमचं गाव, आणि गावात आमच्या भाऊबंदांची चोवीस घरं. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी थोरल्या घरी कानबाई, ही आमची खानदेशातली देवी, बसते, सोमवारी सकाळी नदीवर जाते. मधली अख्खी रात्र बायांची. रोटांचा स्वयंपाक, पूजा, आणि मग पहाटेपर्यंत गाणी. माईक नाही, भोंगा नाही. एक ढोलकी, दोन जोड्या टाळ आणि पंचवीस-तीस गळे.

२०२४ साली कानबाई ११ ऑगस्टच्या रविवारी आली. जूनमध्ये काकांच्या ओट्यावर वर्गणीचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, या वर्षी गाणी नीट टिपू. थोरल्या काकूला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. निम्म्या गाण्यांचं पहिलं कडवं तिच्याशिवाय कोणालाच धड येत नाही. आणि आम्ही दर वर्षी काय केलं, तर मोबाईलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकले. ठरलं असं, की कानबाईच्या वर्गणीवर घरटी पाचशे जास्तीचे द्यायचे. चोवीस घरांचे झाले बारा हजार.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. त्यामुळे ‘तुला मशीनमधलं कळतं’ हे गावाने परस्पर ठरवलेलं. ध्वनिमुद्रणातलं तेव्हा मला ओ की ठो कळत नव्हतं.

आधी फुकटातलं

खरेदीच्या आधी जुलैत एक तालीम घेतली. तालीम कसली, काकूच्या ओसरीवर सात-आठ जणी जमल्या, चहा झाला आणि चार गाणी झाली. मी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला.

ऐकलं तेव्हा आवाज वाटला होता तितका वाईट नव्हता. शब्द कळत होते. पण ढोलकीवर थाप पडली की बायांचा आवाज एकदम खाली दबायचा, आणि थाप थांबली की हळूहळू वर यायचा, जणू कोणी रेडिओचं बटण फिरवत बसलंय. मोबाईल बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आला की तो आपोआप सगळंच कमी करतो, शांतता झाली की सगळंच वाढवतो. फोनवर बोलताना ही सोय आहे, गाण्यात मात्र तिने वाट लावली. काही अ‍ॅपमध्ये हा स्वयंचलित चढ-उतार बंद करता येतो. दुसऱ्या तालमीत तसं अ‍ॅप घेतलं, फोन फ्लाइट मोडवर टाकला (पहिल्या वेळी खताच्या दुकानातून फोन आला आणि तिसरं गाणं तिथेच तुटलं), स्टँडवर चढवला, आणि फरक ऐकून मीच चाट पडलो. ज्याच्या खिशात एक रुपयाही नाही त्याने इथून सुरुवात करावी. कोणतंही यंत्र घेण्याआधी आपल्या जागेत काय ऐकू येतं हे फोनवरच कळतं.

आम्हाला कळलं ते असं : आवाजाचा पहिला शत्रू ओसरीवरचा पत्रा. दुसऱ्या तालमीत पावसाची जोराची सर आली आणि ढोलकीसुद्धा बुडाली. घराचा मधला भाग मात्र जुना, धाब्याचा. मातीचं जाड छत, मातीच्या भिंती. तिथे बसलं की बाहेर पाऊस आहे हेच कळत नाही, आणि आवाज घुमतही नाही. शहरात लोक खोलीला फोमचे तुकडे चिकटवतात. आमच्या पणजोबांनी ते काम चिखल आणि लाकडावर भागवून ठेवलं होतं.

मी काकूला भीतभीतच विचारलं, गाणाऱ्या बाया मधल्या घरात बसल्या तर चालेल का? कानबाईचा पाट हलणार नाही, हे तिने आधी बजावलं. बायांनी मात्र पत्र्याखाली भिजत बसायचं काही कारण नाही म्हणाली. रेकॉर्डिंगमधली सगळ्यात मोठी सुधारणा ही होती, आणि तिला पैसा लागला नाही.

भाच्याची यादी आणि माझी

माझा एक भाचा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. त्याने फोनवर यादी पाठवली : दोन कंडेन्सर माईक (बारीक आवाज टिपणारे, पण वीज लागणारे), यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा), लॅपटॉप. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एकदा इंटरफेस घेतला की माईक पुढे बदलता येतात, आवाज स्वच्छ येतो, प्रत्येक माईकचा ट्रॅक वेगळा राहतो. घरात बसून एकट्याने गाणं रेकॉर्ड करणाऱ्याला मीही हेच सांगेन.

पण यादी उलगडत गेलो तशी ती वाढत गेली. सगळ्यात स्वस्त इंटरफेस म्हणून त्याने बेहरिंगरचा यूएम२ सुचवला होता. त्याला माईकची जागा एकच. दुसरी गिटारसारख्या वाद्यासाठी. दोन माईक लावायचे तर यूएमसी२०२एचडी घ्यावा लागतो. मग दोन माईक, दोन स्टँड, दोन तीन-पिनी एक्सएलआर वायरी. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती इंटरफेस देतो, इंटरफेसला वीज लॅपटॉप देतो, आणि लॅपटॉपला वीज कोण देणार? श्रावणातल्या पावसाळी रात्री आमच्याकडे लाईट किती वेळा जाते हे पुण्यात बसून कळत नाही. माझ्या लॅपटॉपची बॅटरी दीड तासाची, त्याचा पंखा माईकपासून चार हातांवर घोंघावणार, आणि त्या वायरींवरून रोटांची परात घेतलेल्या बाया ये-जा करणार. शिवाय हिशेब बारा हजारांच्या बराच वर जात होता.

दुसरा पर्याय कॉलरला लावायचा माईक. बोयाचा बीवाय-एम१ आमच्या शाळेतच आहे. सहा मीटरची वायर, फोनला थेट लागतो. एका माणसाचं बोलणं टिपायला झकास. काकूची मुलाखत मी त्याच्यावरच घेतली. पण तीस बायांपैकी कोणाच्या पदराला लावणार?

राहिले हातात मावणारे रेकॉर्डर. माईक, कार्ड, सेल सगळं एकाच डबीत. झूमचा जुना एच१एन, त्याच वर्षी आलेला एच१ इसेन्शियल, आणि टास्कॅमचा डीआर-०५एक्स, असे तीन माझ्यासमोर होते. किमती रोज खाली-वर होत, पण तिन्ही साधारण आठ ते अकरा हजारांत बसत होते. झूमचा एच४एन प्रो आवडला होता. त्याला बाहेरचे दोन माईकही जोडता येतात. सप्ताहात साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घ्यायची असती तर मी त्याच्यासाठी आणखी वर्गणी मागितली असती. कानबाईत मिक्सर नाही, म्हणून तो विषय सोडला.

टास्कॅम आणि झूम यांच्यात खरा फरक मला माईकच्या जातीत दिसला. डीआर-०५एक्सचे माईक चारी बाजूंचं सारखं ऐकतात. असा माईक खालचा सूर, ढोलाचा घुमारा छान पकडतो आणि वाऱ्याला कमी बिचकतो. उघड्यावर, डोंगराकडच्या होळीत ढोल आणि पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) टिपायची असती तर मी डोळे मिटून तोच घेतला असता. झूमचे दोन माईक एकमेकांवर काटकोनात फुली मारून बसवलेले. पुढचं आणि बाजूचं नीट ऐकतात, पाठीमागचं कमी. आमच्या मधल्या घराच्या पाठीमागे काय, तर स्वयंपाकघर. तिथे कुकर, पोरं आणि ज्यांना गायचं नाही अशा सगळ्या बायांच्या गप्पा. पाठ फिरवता येणारा माईक हवा होता.

फुलीचा आणखी एक फायदा आहे. दोन्ही माईक एकाच ठिकाणी असल्याने डावा-उजवा आवाज एकत्र केला तरी काही पुसलं जात नाही. आमच्या गावात गाणं शेवटी ऐकलं जाणार मोबाईलच्या एकाच स्पीकरवर, चुलीजवळ. दोन माईक लांब-लांब लावून टिपलेला आवाज हेडफोनमध्ये भव्य वाटतो आणि अशा एका स्पीकरवर कधीकधी पोकळ होतो.

मग एच१एन की इसेन्शियल? इथे बत्तीस-बिट फ्लोट या टिपण्याच्या पद्धतीचा मुद्दा आला. ती इसेन्शियलमध्ये आहे, एच१एनमध्ये नाही. दूध तापवण्याचं उदाहरण देतो. साध्या रेकॉर्डरमध्ये पातेलं ठरलेल्या मापाचं असतं. दूध वर आलं की उतू जातं, आणि उतू गेलेलं परत मिळत नाही, आवाज फाटतो. म्हणून जाणकार पातेलं मुद्दाम अर्धं रिकामं ठेवतात, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज मीटरवर उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असं बघतात. चोवीस बिटवर, म्हणजे साध्या रेकॉर्डरच्या बारीक मापावर, तेवढी जागा सोडली तरी काही बिघडत नाही. फ्लोटमध्ये पातेलंच दुधाबरोबर वाढतं, त्यामुळे आवाजाचं बटण लावत बसावं लागत नाही. मी एकटा, रात्रभर, शिवाय मानाचा पाहुणा आला की उठून पाणी द्यायला मीच. बटणाची काळजी नको म्हणून इसेन्शियल घेतला. फ्लोट नसता तरी चाललं असतं का? चाललं असतं. एच१एन घेऊन उणे बारावर लावून ठेवणारा माणूस माझ्यापेक्षा कमी शहाणा नाही.

बारा हजारांचा हिशेब

रेकॉर्डर ९,४०० रुपये. ३२ जीबीचं कार्ड ४५०. कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन १,१५०. पुन्हा चार्ज होणारे ट्रिपल-ए सेल आणि चार्जर ९००. एकूण ११,९००. उरलेल्या शंभराचे पेढे कानबाईपुढे ठेवले. स्टँड चुलतभावाचा, त्याचा लग्नाच्या फोटोंचा धंदा आहे.

हेडफोनवर पैसे घालवू नकोस, घरात आहेत की, असं दोघा-तिघांनी सांगितलं. घरातले होते ते ब्लूटूथचे, आणि ते या रेकॉर्डरला लागत नाहीत. वायरचा लागतो, तोही कान झाकणारा, नाहीतर समोरचं खरं गाणं कोणतं आणि टिपलं जाणारं कोणतं हे कळतच नाही.

पॉवर बँकेचा एक धडा घरीच मिळाला. रेकॉर्डर यूएसबीवर चालतो म्हणून सेल काढून पॉवर बँक लावली, आणि थोड्याच वेळात सगळं बंद. रेकॉर्डर इतकी कमी वीज ओढतो की बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं, पुढे काही जोडलेलंच नाही. त्या स्वतःहून झोपी जातात. म्हणून सेलच घातले, आणि मध्यरात्रीच्या चहाला बदलायचे असं ठरवलं.

कार्डाचं गणित सोपं आहे. ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), बत्तीस बिट, डावा-उजवा मिळून तासाला साधारण १.४ जीबी. म्हणजे ३२ जीबीत तेवीस तास. एका रात्रीला भरपूर. ९६ किलोहर्ट्झ निवडलं तर कार्ड दुप्पट भरतं आणि काकूचा आवाज आहे तोच राहतो.

कोणी कुठे बसायचं

१९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने गायिका गौहर जानचं गाणं टिपलं तेव्हा माईक नव्हताच. कर्ण्यात तोंड घालून गायचं, आणि आवाजाच्या जोरावर सुई मेणावर रेघ ओढायची. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत आवाजाचा तोल साधायचा एकच मार्ग होता : कोण कर्ण्याच्या जवळ बसणार आणि कोण लांब. एका डबीत दोन माईक घेऊन बसलेल्या माझ्यासारख्याची गत तीच. नंतर ढोलकी कमी आणि काकू जास्त असं करता येत नाही. जे करायचं ते बसतानाच.

आमच्या गाण्यात बायांचे दोन गट असतात. एक ओळ टाकतो, दुसरा उचलतो. रेकॉर्डर दोन्ही गटांच्या मध्ये, थोडा मागे, पाच फुटांवर उंच, तोंड किंचित खाली. एक गट डाव्या कानात, एक उजव्या. ढोलकीवाली वहिनी आधी चार फुटांवर होती, तिला आठ फुटांवर सरकवलं. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. टाळांचा कर्कशपणा झेपत नव्हता, म्हणून टाळवाल्या दोघी रेकॉर्डरच्या पाठीमागे गेल्या. एकीने तोंड वाकडं केलं. तिचं बरोबर होतं, तिची बाजूची मैत्रीण सुटली होती. पहिल्या दोन गाण्यांनंतर ती परत पुढे आली, आणि मी काही बोललो नाही.

फुगडी सुरू झाली की जमीन हलते. स्टँडखाली घडी घातलेली गोधडी ठेवली, त्याने बरंच भागलं. रेकॉर्डरमध्ये खालचे सूर कापायची सोय आहे, ती वापरली नाही. ढोलकीचा धुमा त्यातच जातो. पंखा बंद. शेजारच्या खोलीतला फ्रीज बंद, आणि तो परत चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची चावी फ्रीजमध्ये. ही युक्ती मी कुठेतरी ऐकली होती. सोमवारी नदीवर निघताना अर्धं घर माझी चावी शोधत होतं, पण दूध नासलं नाही.

रात्री साडेनऊला बटण दाबलं. काकूने पहिल्या गाण्यानंतर डबीकडे बोट केलं : “तुना डबामा मना आवाज उना का रे?” (तुझ्या डब्यात माझा आवाज आला का रे?) तिला हेडफोन लावून ऐकवलं. अर्धं कडवं ऐकून तिने काढून दिला आणि शेजारणीला म्हणाली, पुढचं जरा वरच्या पट्टीत धरू.

जे बिघडलं

एकच्या चहाला सेल बदलले, हेडफोन लावून दहा मिनिटं ऐकलं, सगळं छान होतं. मग डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर दोनच्या सुमाराला आधी खरखर, आणि नंतर बाया एकदम दूर गेलेल्या. पुढे कुकरची शिट्टी आणि कोणाच्या तरी जावयाची निंदा, अगदी स्पष्ट. कोणीतरी परात नेताना स्टँड आडवा येतो म्हणून उचलून फिरवून ठेवला होता. पाठ कमी ऐकणारा माईक मी स्वयंपाकघरासाठी निवडला, आणि चाळीस मिनिटं त्याची पाठ गाणाऱ्यांकडे होती. दोन गाणी त्यात गेली. शब्द लागत नाहीत, चाल तेवढी कळते. ऑडॅसिटी या आवाज दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये जितकं करता येतं तितकं केलं. दूरचा आवाज वाढवला की कुकरही वाढतो.

दुसरी चूक सोमवारच्या मिरवणुकीतली. फ्लोटवर भरवसा ठेवून मी बँडच्या ट्रॉलीशेजारून चालत रेकॉर्ड केलं. सगळं फाटलेलं निघालं. पातेलं वाढणारं असलं तरी माईकचा घसा तोच. हा माईक १२० डेसिबलपर्यंत झेपवतो, त्यापुढे तो स्वतःच फाटतो, आणि फाटलेलं तसंच्या तसं व्यवस्थित टिपलं जातं. परतीच्या वेळी गच्चीवरून टिपलं ते छान आलं. पाऊस होताच. छत्रीवरचे थेंब ताशासारखे वाजत होते, म्हणून छत्रीवर जाड टॉवेल टाकला. वाऱ्यासाठी माझ्या मुलीच्या फाटक्या अस्वलाच्या केसाळ कापडाची टोपी शिवून घेतली होती, दुकानातल्या केसाळ कव्हरचं काम तिने केलं. अस्वलाबद्दल मुलगी अजून बोलते.

वाटप

एकूण पाच तास चाळीस मिनिटं. गाणी वेगळी काढली, मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर दोन वेगळ्या घरी ठेवली, गाण्यांच्या फ्लॅक (आवाज न घटवता लहान केलेल्या) फाइल पेन ड्राइव्हवर, आणि गावासाठी एमपी३. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते.

यूट्यूबवर टाकू या असं पोरांनी लगेच म्हटलं. मी बायांना विचारलं. देवीची गाणी टाका म्हणाल्या. विहिणीला आणि दिराला नावं ठेवणारी सहा गाणी घराबाहेर जाता कामा नयेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्यालाही स्वतःच्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क आहे, हे मी पोरांना सांगितलं. काकूने कायदा सांगितला नाही, नुसतं बघितलं. ती सहा गाणी पेन ड्राइव्हवरच आहेत.

गेलेली दोन गाणी परत म्हण, म्हणून मी मंगळवारी रेकॉर्डर घेऊन काकूकडे गेलो. ती गहू निवडत होती. म्हणाली, “कानबाई गई ना आते. पुढला सालले ये.” मी बराच आग्रह केला. तिने सुपातला खडा काढून टाकला आणि विषय बदलला.

२०२५ ला कानबाई ३ ऑगस्टला आली. या वेळी स्टँडच्या तिन्ही पायांभोवती खडूने गोल काढले, आणि माझ्या मुलीला रात्रभर तिथे बसवलं; अस्वलाच्या बदल्यात तिने शंभर रुपये घेतले. दोनपैकी एक गाणं मिळालं, अगदी स्वच्छ. दुसरं उचलणारी चुलत वहिनी त्या वर्षी सुरतला लेकाकडे होती, तिकडून तिला येता आलं नाही. तिच्याशिवाय ते गाणं कोणी काढलंच नाही.